विद्युत्परिपथाच्या आकृतींतील चिन्हें

गतवर्षीं इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेंत आमच्या हातून एक चूक झाली. तींतील विद्युत्परिपथाच्या दोन आकृत्या आम्हीं दोन निरनिराळ्या ठिकाणांहून घेतल्या होत्या. पहिलींत रोधक नागमोडी रेघेनें दाखविला होता, दुसरींत लांबट चौकटीनें. एका विद्यार्थिनीनें ती चौकट पाहून "फ्यूज" असें लिहिलें. आम्हीं तें चूक धरलें. पण घरीं विचार करतां तिचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं, असें दिसून आलें. आंतरराष्ट्रीय पद्धतींत फ्यूजही चौकटीनेंच दाखवितात. भेद इतकाच कीं, त्या चौकटींतून एक रेघ आरपार जाते, रोधकाची चौकट रिकामी असते. मळकट छपाईंत एवढा भेद कोणास दिसावा? तिचे गुण आम्हीं तिला परत दिले.

विद्यार्थ्यांस दोन्ही रूपें ओळखतां आलीं पाहिजेत. वर्गांत नागमोडी रेघ शिकली, तरी आपल्या बिडकीनच्या औद्योगिक वसाहतींत परदेशी यंत्राबरोबर येणाऱ्या नकाशांत चौकट भेटण्याचा संभव आहे. तथापि एकाच कागदावर दोहोंची सरमिसळ नसावी.

यंदाची प्रश्नपत्रिका आम्हीं लाटेक या संगणकीय अक्षरजुळणींत तयार केली. तींत आकृति हातानें काढावयाची नसते, शब्दांनीं सांगावयाची असते: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत तार, मध्यें रोधक. या कामाचें 'सर्किटिक्झ' हें साधन मिलान येथील पॉलिटेक्निक विद्यापीठांतील मास्सिमो रेदाएल्ली यांनीं २००७ सालीं आरंभिलें, तेंही सराव व परीक्षा यांच्याच आकृत्यांसाठीं. हें वाचून आम्हांस अंमळ धीर आला!

चिन्हाचें रूप येथें एकदांच ठरवितां येतें. लेखाच्या आरंभीं 'अमेरिकन' असें लिहिलें कीं सर्व रोधक नागमोडी होतात. 'युरोपियन' लिहिलें कीं त्यांच्या चौकटी होतात. रोधकांच्या वर्गास ०.७ हें प्रमाण दिल्यास सारे रोधक लहान होतात, पण परिपथ तुटत नाहीं; कारण बिंदू जागच्या जागीं राहतात व तार तेवढी लांबते. मात्र जेथें एखादें रूप नांवानिशीं मागितलें असेल, तेथें तें आरंभींच्या शब्दास जुमानीत नाहीं. अशी एक चौकट आमच्या आकृतींत लपून राहिली होती. ती तिसऱ्या वाचनांत सांपडली.

स्वतःचें नवें चिन्हही करतां येतें. त्याचीं टोकें कोठें आहेत हें मात्र सांगावें लागतें, नाहीं तर तार जोडावी कोठें? दिव्यासाठीं असें एक सुबक चिन्ह आम्हीं केलें, आणि मग काढून टाकलें. विद्यार्थ्यांनीं तें पूर्वीं कोठेंही पाहिलेलें नव्हतें.