मरळ सारखा वर का येतो?

मासा पाण्यात बुडून मरेल का? हसू नका, मरळ मरतो! त्याला पाण्याखाली अडकवून वर येऊच दिलं नाही, तर भरल्या तळ्यात तो गुदमरतो. नुसत्या कल्ल्यांवर त्याचं भागत नाही. म्हणून कल्ल्यांच्या वर, डोक्यात, त्याला हवेसाठी खास कप्पा असतो. अधूनमधून वर यायचं, गटकन हवा घ्यायची आणि पुन्हा खाली. उन्हाळ्यात दुधना, पूर्णेसारख्या नद्यांचे डोह आटत आले तरी हा पठ्ठ्या तग धरतो, तो याच जोरावर.

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राची मंडळी मरळाच्या भाऊबंदांना टाकीत ठेवून विषांचा अभ्यास करतात. त्यातलं एक विष आर्सेनिक. म्हणजे सोमल, जुन्या रहस्यकथांतल्या खलनायकांचं लाडकं! पाण्यात विरघळलं की रंग नाही, वास नाही, चव नाही.

टाकीत ते फार झालं की पहिला मार बसतो कल्ल्यांना. कल्ल्यांच्या लाल झालरी इतक्या पातळ असतात की पाणी आणि रक्त जवळजवळ एकमेकांना टेकलेलेच. ऑक्सिजन आत यायला हे उत्तम, पण विषालाही तोच रस्ता. मग मासा बचावासाठी भरपूर चिकट बुळबुळीत द्रव सोडतो. झालरी सुजतात, एकमेकींना चिकटतात. आता त्यांतून ऑक्सिजनही नीट जाईना! बिचारा मरळ मग सारखा वर येऊ लागतो.

पेशींच्या आत तर खरी फसवणूक चालते. आर्सेनिकचं एक रूप, आर्सेनेट, हुबेहूब फॉस्फेटसारखं दिसतं. पेशीला ऊर्जा साठवायला फॉस्फेट लागतं, म्हणून ती या तोतयाला बिनदिक्कत आत घेते. खोटी नोट गल्ल्यात पडावी तसंच हे! हिशेब चुकतो, ऊर्जा तयार होईना. विष निपटता निपटता यकृत थकतं, माद्यांच्या अंड्यांची वाढही खुंटते.

घाबरून मासे खाणं सोडू नका बरं! प्रयोगात आर्सेनिक मुद्दाम भरपूर घालतात. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. जालन्याला टँकर काही नवा नाही, तेव्हा असं मोजू: 10,000 लिटरच्या अख्ख्या टँकरात फक्त 0.1 ग्रॅम! भूजलातल्या आर्सेनिकचं मोठं दुखणं आहे ते गंगेच्या गाळाच्या प्रदेशात, बिहार, पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात. जालन्याखाली मात्र तो गाळ नाही, आहे काळा बसाल्ट.

आणखी एक गंमत. पारा लहान माशातून मोठ्या माशात जाताना वाढत जातो. आर्सेनिकचं सहसा उलट! शेवाळात जास्त, शेवाळ खाणाऱ्या किड्यांत कमी, मोठ्या माशात त्याहून कमी.

घरी किंवा शाळेत फिशटँक असेल तर एक करून बघा. माशाच्या कल्ल्यांवरचं झाकण मिनिटात किती वेळा उघडतं, ते सकाळी मोजा आणि तापलेल्या दुपारी पुन्हा मोजा. दुपारचा आकडा बहुधा मोठा येईल, कारण पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाची भूक मात्र वाढलेली असते, ऑक्सिजनची!