पोलारी : आडोशाला वाढलेली एक बोली

भाषा हें विचार प्रकट करण्याचें साधन होय, हें शाळेंतील मूलहि सांगेल. परंतु तेंच मूल घरीं आलें कीं आपल्या भावंडांशीं 'च'च्या भाषेंत बोलूं लागतें आणि वडील माणसें शेजारीं बसलेलीं असूनहि त्यांना कांहीं कळूं देत नाहीं. भाषा हें विचार लपविण्याचेंहि साधन आहे, हें तें कोणीं न शिकवितांच जाणतें. बाजारांतील दलाल रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ शतकानुशतकें 'सकळा' नांवाच्या सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. मुलांचा हेतु खेळाचा, दलालांचा नफ्याचा, पंथाचा आपल्या ग्रंथांच्या रक्षणाचा. स्वतःच्या रक्षणासाठीं अशीच एक बोली विसाव्या शतकांत इंग्लंडांत नांदली. तिचें नांव पोलारी. ती बोलणारे बहुतेक समलिंगी पुरुष होते, आणि त्यांचें बोलणें भलत्या माणसास समजलें तर त्यांच्या वांट्यास तुरुंग येण्याचा संभव होता.

हें भय काल्पनिक नव्हतें. पुरुषापुरुषांमधील शरीरसंबंध इंग्लंडांत १५३३ सालच्या कायद्यानें देहान्त शिक्षेस पात्र ठरविला होता. ती शिक्षा १८६१ सालीं उठली, पण तिच्या जागीं जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आली. पुढें १८८५ सालीं कायद्यांत आणखी एक कलम घालण्यांत आलें व पुरुषांमधील कोणतेंहि 'घोर असभ्य वर्तन', मग तें बंद दाराआड कां असेना, दोन वर्षांच्या कैदेचा गुन्हा ठरलें. नाटककार ऑस्कर वाइल्ड याला १८९५ सालीं याच कलमाखालीं दोन वर्षें सक्तमजुरी भोगावी लागली. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामीं ज्याची बुद्धि खर्ची पडली, त्या अ‍ॅलन ट्यूरिंग या गणितज्ञाच्या घरीं १९५२ सालीं चोरी झाली. तिची वर्दी देण्यास गेलेल्या ट्यूरिंगनें पोलिसांच्या प्रश्नांना उत्तर देतांना एका तरुणाशीं असलेला आपला संबंध सरळ शब्दांत सांगून टाकला, आणि फिर्यादीचाच आरोपी झाला. सरळ बोलण्याचें जेथें हें फळ, तेथें आडभाषा निपजली नसती तरच नवल.

पोलारी हें नांवच मुळीं परकें आहे. इटालियन भाषेंत 'पार्लारे' म्हणजे बोलणें. त्या शब्दाचीं 'पार्लियारी', 'पलारी', 'पोलारी' अशीं रूपें होत गेलीं. इटालियन शब्दांचा लंडनच्या गल्लीबोळांशीं संबंध आला तो दोन वाटांनीं. भूमध्य समुद्राच्या बंदरांतून खलाशी व व्यापारी एक मिश्र बोली बोलत, तिचे शब्द जहाजांबरोबर आले. दुसरी वाट जत्रांची. 'पंच' नांवाचा बाहुल्यांचा खेळ मूळ इटलींतला. तो करणारे, सर्कशींतले डोंबारी, फिरत्या नाटकमंडळ्यांतील नट हे आपसांत असे शब्द वापरीत. हेन्री मेह्यू या वृत्तपत्रकारानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमधील गोरगरिबांच्या तोंडून त्यांचें जीवनवृत्त उतरून घेतलें. त्यांतील पंचच्या खेळवाल्याच्या बोलण्यांत हे शब्द स्पष्ट दिसतात. पोलिसाची किंवा जागेच्या मालकाची चाहूल लागली कीं परक्याला न कळेल असें बोलणें त्या भटक्या धंद्यांत सोयीचें होतें.

हे शब्द समलिंगी पुरुषांकडे कसे आले, हें समजण्यास ते पुरुष कोठें आश्रय शोधीत हें पाहिलें पाहिजे. एक ठिकाण नाट्यगृह. तेथें पुरुषानें चेहऱ्यास रंग लावला अथवा नाजूक हावभाव केला तर त्याबद्दल कोणी जाब विचारीत नसे. दुसरें ठिकाण प्रवासी जहाज. मोठमोठ्या आगबोटींवर वाढपी व खोल्यांची व्यवस्था ठेवणारे नोकर म्हणून असे पुष्कळ पुरुष काम करीत. किनारा सुटला कीं त्यांना थोडा मोकळा श्वास घेतां येई. नटांकडून आणि खलाशांकडून आलेले शब्द अशा रीतीनें लंडनच्या पानगृहांत येऊन मिळाले व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांची एक बोली झाली.

तिच्या शब्दांची कुळी शोधूं लागल्यास एक मोठी सरमिसळ दृष्टीस पडते. 'ओमी' म्हणजे पुरुष. हा इटालियन 'उओमो'. 'पलोनी' म्हणजे स्त्री; आणि दोन्ही जोडून झालेला 'ओमी-पलोनी' म्हणजे समलिंगी पुरुष. 'बोना' म्हणजे चांगलें, 'नान्टी' म्हणजे नाहीं किंवा नको, 'व्हाडा' म्हणजे पाहणें, 'मंजारी' म्हणजे खाणें. हेहि इटालियन वळणाचे. मोजतांना ऊना, दुए, त्रे या इटालियन अंकांचीं मोडकीं रूपें वापरीत. कांहीं शब्द इंग्रजीच, पण उलटे केलेले : केसांना इंग्रजींत 'हेअर' म्हणतात, त्याचीं अक्षरें उलट वाचून 'रायाह' झाला, चेहरा म्हणजे 'फेस', तो उलटून 'इकाफ' आणि त्याचाहि संक्षेप होऊन 'ईक' उरला. लंडनच्या पूर्व भागांतील यमकांची बोलीहि कामास आली : दांतांना 'टीथ' म्हणतात, त्याच्याशीं जुळणारें यमक लंडनच्या 'हॅम्पस्टेड हीथ' या माळरानाचें, म्हणून दांत म्हणजे 'हॅम्पस्टेड्स'. ज्यू लोकांच्या यिडिश भाषेंतला टोपाच्या केसांचा शब्द 'शायकर' होऊन आला. जिप्सी लोकांच्या रोमानी भाषेंतून मुलासाठीं 'चॅव्ही' हा शब्द आला. आणि रोमानी ही मूळची भारतीय कुळांतली भाषा असल्यामुळें हा शब्द व आपल्या मराठींतील 'छावा' हे एकाच वंशांतले ठरतात. नट, खलाशी, ज्यू, जिप्सी : ज्यांना प्रतिष्ठित समाजानें उंबऱ्याबाहेर ठेवलें, त्या सर्वांची उसनवारी या एका कोशांत जमा आहे.

व्याकरण मात्र इंग्रजीच राही. वाक्याची घडण ओळखीची, पण त्यांतील नेमके मोक्याचे शब्द अनोळखी. त्यामुळें ऐकणाऱ्यास कानांवर इंग्रजी पडे आणि अर्थाचा पत्ता लागत नसे. या बोलीचा पहिला उपयोग ओळख पटविण्याचा. अनोळखी माणसाशीं बोलतांना एखादा 'बोना' सहज टाकून पाहावा. समोरच्यानें तो उचलला तर ओळख पटली, न उचलला तर कांहीं बिघडलें नाहीं. दुसरा उपयोग सावधगिरीचा. 'नान्टी पोलारी' एवढे दोन शब्द उच्चारले कीं 'येथें बोलूं नका, कोणी ऐकत आहे' असा इशारा मिळे. तिसरा उपयोग थट्टेचा, आणि तो कमी महत्त्वाचा नव्हता. ज्या पोलिसाचें भय वाटे, त्यालाच हे लोक 'लिली लॉ' किंवा 'बेटी ब्रेसलेट्स' अशीं बायकी नांवें देत आणि त्याचा उल्लेख 'ती' म्हणून करीत. हातकड्यांना बांगड्या म्हटल्यानें त्या हलक्या होत नाहींत. परंतु त्या घालणाऱ्याचा दरारा घटकाभर तरी कमी होतो.

नांव कोणीं दिलें, यालाहि अर्थ असतो. 'होमोसेक्शुअल' हा शब्द १८६९ सालीं कार्ल-मारिया केर्टबेनी यानें एका जर्मन पत्रकांत कायद्याला विरोध करण्यासाठीं योजला. पण पुढें तो वैद्यांच्या व वकिलांच्या हातीं जाऊन रोगाचें किंवा आरोपाचें नांव बनला. 'ओमी-पलोनी' हें नांव त्या लोकांनीं स्वतः घेतलें होतें. 'गे' या शब्दाचीहि कथा अशीच. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा इंग्रजींतील जुना अर्थ आनंदी, खुशालचेंडू असा. पुढें त्याला स्वैर वर्तनाचा वास लागला आणि एकोणिसाव्या शतकांत 'गे स्त्री' म्हणजे वेश्या असा अर्थ झाला. विसाव्या शतकांत अमेरिकेंतील समलिंगी पुरुषांनीं तोच शब्द स्वतःसाठीं उचलला. 'गुड अ‍ॅज यू' म्हणजे 'तुमच्याइतकेच चांगले' या शब्दांच्या आद्याक्षरांपासून तो झाला, असें कित्येक सांगतात. ती व्युत्पत्ति मागाहून रचलेली आहे, पण ती रचावीशी वाटली यांतच त्या लोकांची भूक दिसते.

या गुप्त बोलीला अखेर चव्हाट्यावर आणलें तें रेडिओनें. बी. बी. सी.वर १९६५ ते १९६८ या काळांत रविवारीं दुपारीं, घरोघर जेवणें आटोपण्याच्या सुमारास, 'राउंड द हॉर्न' नांवाचा विनोदी कार्यक्रम होत असे. त्यांत जूलियन आणि सँडी हीं दोन पात्रें दर आठवड्यास निराळा धंदा थाटीत आणि गिऱ्हाइकाशीं पोलारींत बोलत. त्यांच्या भूमिका ह्यू पॅडिक व केनेथ विल्यम्स करीत. लेखन बॅरी टूक व मार्टी फेल्डमन यांचें. एका खेपेस हे दोघे वकील बनतात आणि सांगतात कीं, आपला बहुतेक वेळ 'क्रिमिनल प्रॅक्टिस'मध्यें जातो. साध्या श्रोत्यानें फौजदारी वकिली असा अर्थ घेतला आणि तो हंसला. जाणत्या श्रोत्याला ठाऊक होतें कीं या दोघांचें खाजगी जीवनच कायद्यानें गुन्हा आहे. तो निराळ्या कारणानें हंसला. एकाच दिवाणखान्यांत आईबापें एका अर्थानें हंसत असतील आणि कोपऱ्यांत बसलेला मुलगा, आपल्यासारखे आणखी कोणी आहेत हें प्रथमच कळून, दुसऱ्या अर्थानें हंसत असेल.

कार्यक्रम चालू असतांनाच, जुलै १९६७ मध्यें, इंग्लंड व वेल्सपुरता कायदा बदलला आणि २१ वर्षांवरील दोन पुरुषांचा खाजगी संबंध गुन्हा राहिला नाहीं. आतां बोलीचे दोन्ही आधार सुटले : सर्व देशाला शब्द कळल्यामुळें गुपित राहिलें नाहीं, आणि भय ओसरूं लागल्यामुळें गुपिताची गरजहि कमी झाली. तिसरा आघात घरचाच होता. १९७० नंतर हक्कांसाठीं उघडपणें रस्त्यावर आलेल्या तरुण पिढीला ही बोली जुन्या दडपणाची खूण वाटली. त्यांत स्त्रियांविषयीं हिणकस उल्लेख होते, माणसाच्या रूपावर बोचरी टीका होती, हा त्यांचा आक्षेपहि खोटा नव्हता. वेदना सोसणाऱ्यांची भाषा नेहमींच सोज्ज्वळ असते, असें नाहीं.

बोली मावळली तरी तिचा मागमूस गेला नाहीं. भिकार किंवा अरसिक अशा अर्थाचा 'नॅफ' हा शब्द आज इंग्लंडांत कोणीहि वापरतो. भाषाशास्त्रज्ञ पॉल बेकर यांनीं २००२ सालीं तिचा अभ्यास व कोश प्रसिद्ध केला. चित्रपट-दिग्दर्शक डेरेक जार्मन यांचा १९९१ सालीं डंजनेस येथें थट्टेच्या विधीनें 'संत' म्हणून जो गौरव केला, त्यांतहि पोलारीचे शब्द घुमले. जी बोली पुटपुटण्यासाठीं होती, ती अखेर मोठ्यानें म्हटली गेली.

इंग्रजांचा तो कायदा इंग्लंडांतच राहिला नाहीं. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेंत तो ३७७ वें कलम होऊन आला, आणि सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द केला. म्हणजे इंग्लंडनंतर तब्बल ५१ वर्षांनीं. आपल्याकडील हिजडा समाज निराळा, त्याची परंपराहि निराळी. तरी त्या समाजांतहि एक गुप्त बोली आहे आणि तिला तो 'फारसी' म्हणतो, जरी इराणच्या फारशीशीं तिचें फारसें नातें नाहीं. भय जेथें जेथें माणसाला गांठतें, तेथें तेथें तो प्रथम शब्दांचा आडोसा उभा करतो. एखादी गुप्त बोली मेली, तर कोशकारानें हळहळावें, हें योग्यच; परंतु ज्यांना ती बोलावी लागत होती, त्यांची मुलेंबाळें, भाचे आणि पुतणे आज आपलें मन साध्या भाषेंत सांगूं शकत असतील, तर त्या बोलीचें मरण सार्थकीं लागलें, असेंच म्हटलें पाहिजे.