चुकणारे कासव आणि सातवीची भूमिती

पाचवीपर्यंत गणितात रमणारे मूल सहावी-सातवीत गेल्यावर त्या विषयाचा धसका घेते, अशी तक्रार पालकसभांतून वारंवार ऐकू येते. ऋण संख्या, बैजिक राशी, भूमिती हे सारे एकदम अंगावर येते. उपाय म्हणून वर्गात डिजिटल फळा बसवला जातो आणि त्यासाठी पालकही पदरमोड करतात. परंतु खडूने लिहिलेले उदाहरण पडद्यावर रंगीत झाले म्हणून मूल विचार करू लागत नाही. काल ते फळ्याकडे पाहत होते, आज पडद्याकडे पाहते, एवढेच!

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ सिमोर पॅपर्ट (१९२८-२०१६) यांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. जिनिव्हा येथे बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासमवेत काम केल्यावर ते अमेरिकेत गेले. तेथे १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा सिद्ध केली. १९६८-६९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका शाळेत सातवीच्या काही मुलांना नेहमीच्या गणिताऐवजी वर्षभर लोगो शिकवण्यात आली. पुढे या भाषेत एक ‘कासव’ अवतरले. आज्ञा द्यावी तसे ते चालते, वळते आणि मागे रेघ सोडत जाते.

समभुज त्रिकोण काढायचा आहे, असे समजू. त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे मुलाला पाठ असते. म्हणून ते मोठ्या विश्वासाने सांगते : पुढे १००, उजवीकडे ६०. हीच आज्ञा तीनदा. पण कासव त्रिकोण पुरा करत नाही, अर्धा षटकोन काढून थांबते. मूल चक्रावते. मग त्याच्या ध्यानी येते की, आपण सरळ चाललो असताना वळतो तेव्हा आतला कोन मोजत नाही, बाहेरचा मोजतो. ६० च्या जागी १२० घातले की रेघ जुळते. चौरसाला चार वेळा ९०, षटकोनाला सहा वेळा ६०. प्रत्येक वेळी एकूण वळण ३६० अंशच का भरते, हा प्रश्न ते आता स्वतःहून विचारते.

आमच्या शालेय जीवनात चुकलेल्या उत्तरावर लाल फुली पडे, कधी हातावर छडीही पडे. कासव मात्र रागावत नाही. सांगितले तेच करून दाखवते, आणि चूक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. घड्याळ लावून खेळल्या जाणाऱ्या प्रश्नमंजुषांपेक्षा हे मला अधिक मोलाचे वाटते. त्या खेळांत चटपटीत मुले पुढे धावतात आणि बिचकणारे मूल आणखी मागे सरते.

साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेली ‘जिओजेब्रा’ ही आज्ञावलीही याच कुळातली. त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र १८० राहते. कधीकधी मात्र एखादा चौकस विद्यार्थी पडद्यावरचे आकडे वहीत उतरवतो : ७०.३३, ५४.३३, ५५.३३. बेरीज १७९.९९! शिक्षकांनी ‘यंत्राची किरकोळ चूक’ म्हणून हा क्षण दवडू नये. यंत्राने दोन दशांश स्थळांपुढचे अंक टाकून दिले आहेत. मोजमाप हे नेहमीच अंदाजे असते. म्हणूनच पायाला समांतर रेषा काढून ती बेरीज बरोबर १८० असल्याचे सिद्ध करावे लागते. सिद्धतेची गरज मुलाला इतकी स्पष्टपणे क्वचितच पटते.

वर्गात पन्नास मुले आणि संगणक एकच असला तरी अडत नाही. बिंदू हलवण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा, हात वर करून सांगावा, मगच बिंदू हलवावा. अंदाज लिहिलेला नसेल तर मूल पुन्हा प्रेक्षकच होते.

आणि वीज गेलीच, तर वर्ग पटांगणात न्यावा. एका मुलाला कासव करावे, हाती खडू द्यावा, इतरांनी आज्ञा द्याव्यात : चार पावले पुढे, उजवीकडे वळ. ‘कासवा’ने आपल्या मनाचे काहीही करायचे नाही. फेरी पुरी होऊन शेवटचे वळण घेतल्यावर त्याचे तोंड निघताना होते त्याच दिशेला आहे का, हे सर्वांनी मिळून पाहावे.