तिच्या बोलण्याचा वेग

परवा दुपारची आवराआवर करून जरा पाठ टेकली, तोच लेकीच्या खोलीतून धडधड ताल ऐकू आला. ‘अगं, हळू लाव’ म्हणत उठले आणि दारातच थबकले. मोबाईलवर रंगीबेरंगी वेण्या घातलेली एक मुलगी तालावर इतकी भरभर बोलत होती, की ही श्वास कधी घेते, असं मला वाटलं! याला ‘रॅप’ म्हणतात, ही माहिती लेकीकडून मिळाली.

ही शो मजोझी. जन्म १९९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतातला. गाणं होतं २०१९ चं, ‘जॉन सीना’. एका अमेरिकन कुस्तीगिराच्या नावावरचं. तिच्या गाण्यांत घरची त्सोंगा भाषा आणि इंग्रजी अशा काही हातात हात घालून येतात, की जणू फुगडीच! मधूनच स्वाहिलीही डोकावते. त्सोंगा तिथली एक राजभाषा खरी. पण शहरात ती बोलणाऱ्यांना गावंढळ म्हणून हसत. हिने मात्र तीच भाषा पुढे केली, आणि त्सोंगा बायकांचा नाचाचा घेरदार घागराही मिरवला. २०१९ साली तिला अमेरिकेत मानाचा बीईटी पुरस्कार मिळाला.

मैत्रिणींनो, खरं सांगू? ऐकताना मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. ‘म्या न्हाय केलं, बाई,’ असं ती एकदा म्हणाली, तेव्हा वर्ग हसला. आणि मी मुलांना दटावायचं सोडून तिलाच सुधारलं. त्या दिवसापासून तिने हात वर केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, ‘तुमच्याकडे भुईमूग कसा काढतात गं? घरी बोलतेस तसंच सांग.’ आधी अडखळली, माझ्याकडे बघत राहिली. मग जी सुटली, की थांबेचना! मला दोन शब्दांचे अर्थ तिलाच विचारावे लागले, तेव्हा तर ती चक्क हसली.

परीक्षेपुरतं शुद्ध लिहायला मी तिला शिकवीनच. पण तिचं बोलणं खोडून नाही, बरं का! आपल्या घरीही मुलं आजीसारखं काही बोलली, की आपण चारचौघांत डोळे वटारतो. निदान तेवढं तरी आता सोडू या ना?