मुक्तची बी.एड.: ऐकीव काय, खरं काय

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर पहिल्या संपर्क सत्राला आलेले शिक्षक मला जे सांगतात, ते दरवर्षी तेच असतं. "मॅडम, शाळेत सगळे म्हणतात, मुक्तची बी.एड. म्हणजे घरबसल्या मिळणारा कागद." ही गोष्ट ते खाली मान घालून सांगतात, याचं मला फार वाईट वाटतं.

घरबसल्या होते ती वाचनाची बाजू. पाठ वर्गातच घ्यावे लागतात आणि मागच्या बाकावर निरीक्षक बसलेला असतो. जिल्हा परिषदेच्या एका गुरुजींचा सातवीतला पाठ मला आठवतो. विषय होता हवेचा दाब. काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून त्यांनी तो उलटा केला. पाणी सांडलं नाही आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाचणात लिहिलं होतं, 'विद्यार्थी निरीक्षण करून उत्तर देतील.' एका मुलीने उत्तर दिलं, "पुठ्ठा ओला होऊन चिकटला, म्हणून." गुरुजी "बरं, बस" म्हणाले आणि पुढे सरकले. नंतरची आमची सगळी चर्चा त्या 'बरं, बस'वरच झाली. पुढच्या वेळी त्यांनी तळाला भोक पाडलेला प्लास्टिकचा पेला आणला. भोकावर बोट दाबून तो उलटा केला, पाणी राहिलं. बोट काढलं, आणि पुठ्ठा तितकाच ओला असूनही पाणी खाली आलं. आता मुलगी स्वतःच म्हणाली, "वरून हवा शिरली!" आठ वर्षं शिकवणारा माणूस अशी गोष्ट घरी वाचून शिकत नाही.

'पैसे भरले की कुणालाही प्रवेश' हेही खोटं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनुसार दूरस्थ बी.एड.ला प्राथमिक स्तरावरचे प्रशिक्षित सेवारत शिक्षक किंवा डी.एड.सारखा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नियमित वर्गात बसून पूर्ण केलेलेच पात्र ठरतात. म्हणजे इथे येणारा आधीच अध्यापक विद्यालयातून तावूनसुलाखून आलेला असतो. मुदत दोन वर्षांची, फार तर पाच वर्षांत पूर्ण करायची.

बी.एड. झालं की पहिलीपासून कुठलाही वर्ग शिकवता येतो, हा समज २०१८च्या एका अधिसूचनेमुळे पसरला. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड.च लागतं. चिमुकल्यांना अक्षरओळख करून देणं हे वेगळं कसब आहे, त्यामुळे मला तरी हा निकाल पटतो.

टीईटी आणि टेट यांची गल्लत तर घरोघरी. टीईटी ही पहिली ते आठवीसाठीची पात्रता परीक्षा. १५० गुणांची, खुल्या गटाला ६० टक्के लागतात, आणि एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. तिच्या गुणांवर शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची गुणवत्ता यादी लागते. पदवीने या रांगेत उभं राहता येतं, नोकरी मिळतेच असं नाही.

'आम्ही जुने, आम्हाला टीईटी नाही' असं म्हणणाऱ्यांनी १ सप्टेंबर २०२५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला त्यात सांगितलं आहे. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे गेला. ज्यांची पाच वर्षंही उरलेली नाहीत ते शिकवत राहू शकतात, पण पदोन्नती हवी तर परीक्षा द्यावीच लागेल.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या १८ महिन्यांच्या डी.एल.एड.बद्दल मला सर्वांत जास्त विचारतात. अप्रशिक्षित सेवारत शिक्षकांना प्रशिक्षण पूर्ण करायला ३१ मार्च २०१९पर्यंतची मुदत होती, त्यासाठी ते चालवलं गेलं. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दोन वर्षांच्या नियमित पदविकेच्या बरोबरीचं नाही म्हटलं आणि लाखो शिक्षकांच्या पायाखालची जमीन सरकली. डिसेंबर २०२४मध्ये न्यायालयानेच खुलासा केला. जे १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत होते आणि ज्यांनी १ एप्रिल २०१९पूर्वी अभ्यासक्रम पूर्ण केला, त्यांची पदविका वैध आहे. तेव्हा त्या दिवशी तुम्ही सेवेत होता हे दाखवणारं नियुक्तीपत्र आणि हजेरीपटाची प्रत आजच शोधून गुणपत्रिकेसोबत एकाच फाइलमध्ये लावून ठेवा.