प्रकाशीय भोवरे व सममिती

प्रकाशीय भोवरे व सममिती : एकवर्णी प्रकाशतरंगाच्या आडव्या छेदातील ज्या बिंदूपाशी परमप्रसर शून्य असतो आणि ज्याच्याभोवती एक फेरी पूर्ण केली असता तरंगाची कला (आवर्तनातील स्थिती) ३६०° च्या पूर्णांकी पटीने बदलते, त्या बिंदूस प्रकाशीय भोवरा म्हणतात. ही पट म्हणजे भोवऱ्याचा संस्थितीय अंक होय. तो धन वा ऋण असतो व त्याच्या चिन्हावरून भोवऱ्याची फिरण्याची दिशा कळते. अशा शलाकेचे तरंगाग्र सपाट नसून मळसूत्राकार असते. अंक १ असल्यास एका फेरीत ते एका तरंगलांबीइतके पुढे सरकते. अक्षावर कोणतीही एक कला निश्चित करता येत नसल्यामुळे तेथे प्रकाश नाहीसा होतो व पडद्यावर मध्ये काळा ठिपका असलेले तेजस्वी कडे दिसते.

अंक पूर्णांकच असावा लागत असल्याने तो थोडाथोडा कमी होत नाही. त्यामुळे लहानशा विक्षोभाने भोवरा नष्ट होत नाही. विरुद्ध चिन्हाचा भोवरा त्याला भेटला, तरच दोन्ही लोप पावतात. मात्र एकाहून मोठ्या अंकाचा भोवरा फुटून एकांकी भोवरे तयार होऊ शकतात. तो केव्हा व कसा फुटतो, हे मुख्यतः माध्यमाच्या सममितीवर अवलंबून असते.

इतिहास : अशा बिंदूंची कल्पना प्रकाशापुरती मर्यादित नाही. विल्यम ह्यूएल यांनी १८३६ मध्ये उत्तर समुद्रात भरती-ओहोटी मुळीच होत नाही असा बिंदू असला पाहिजे, असा तर्क केला होता; समकालीन भरतीच्या रेषा त्या बिंदूशी एकत्र येतात. ब्रिस्टल विद्यापीठातील जे. एफ्. नाय व एम्. व्ही. बेरी यांनी १९७४ मध्ये तरंगमालिकांमधील स्थानभ्रंश हा व्यापक सिद्धांत मांडला. नाय यांचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले, ते हिमस्तरांवरून परावर्तित होणाऱ्या रेडिओ तरंगांच्या अभ्यासामुळे. ‘प्रकाशीय भोवरा’ ही संज्ञा १९८९ मध्ये पी. कुले, एल्. गिल व एफ्. रोका यांच्या लेखामुळे रूढ झाली. १९९२ मध्ये लायडन येथे एल्. ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, भोवरायुक्त शलाकेतील प्रत्येक फोटॉनाला संस्थितीय अंकाच्या प्रमाणात कक्षीय कोनीय संवेग असतो. प्लांक स्थिरांकाला २ पायने भागून येणारी राशी हे त्याचे एकक होय.

सममिती व अक्षय्यता : निर्वात अवकाश किंवा एकसारखी काच यांना शलाकेच्या अक्षाभोवती कितीही अंशांतून फिरविले, तरी त्यांत फरक पडत नाही. एमी नोएथर यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयानुसार अशा प्रत्येक अखंड सममितीशी एक अक्षय्य राशी निगडित असते. परिवलनाच्या सममितीशी निगडित राशी म्हणजे कोनीय संवेग होय. म्हणून पूर्ण परिवलन सममिती असलेल्या माध्यमात तत्त्वतः कोणत्याही अंकाचा भोवरा अक्षावर राहू शकतो. माध्यमात ठरावीक रचना निर्माण केली की ही मुभा संपते.

संरचित माध्यमे : प्रणमनांकात (प्रकाशाचे वक्रीभवन ठरविणाऱ्या गुणांकात) नियमित चढ-उतार असलेले चौरस जालक घेतले, तर ते ९०° च्या पटीतच फिरविता येते. ही चतुर्गुण सममिती होय. कोनीय संवेग आता अक्षय्य राहत नाही. पण ९०° च्या प्रत्येक परिवलनात प्रकाशक्षेत्राची कला किती बदलते, हे मात्र अक्षय्य राहते. अक्षाभोवती चार तेजस्वी ठिपके आहेत अशी कल्पना करावी. अंक १ असल्यास लगतच्या ठिपक्यांत ९०° चा कलाभेद असतो व प्रकाशऊर्जा एका दिशेने फिरते. अंक २ असल्यास कलाभेद १८०° होतो. ठिपक्यांची चिन्हे केवळ आलटून-पालटून धन व ऋण होतात आणि +२ व −२ यांतील भेदच उरत नाही. अंक ३ असल्यास २७०° चा कलाभेद ९०° च्या उलट्या कलाभेदाहून निराळा ठरत नाही. म्हणजे ३ अंकाचा भोवरा −१ अंकाच्या भोवऱ्यासारखा वागतो. चित्रपटात वेगाने पुढे जाणाऱ्या टांग्याचे चाक कधीकधी उलटे फिरताना दिसते, त्याचेही कारण असेच आहे. दोन चित्रांच्या मध्यंतरी चाकाच्या आऱ्या अर्ध्याहून अधिक अंतर पुढे सरकल्या, तर त्या मागे आल्याचा भास होतो.

यावरून सर्वसाधारण नियम मिळतो. सममितीच्या गुणाच्या निम्म्याहून लहान अंकाचाच भोवरा अशा माध्यमाच्या सममिती केंद्रापाशी राहू शकतो. त्रिगुण व चतुर्गुण सममितीत अंक फक्त +१ वा −१ असू शकतो. षड्गुण सममितीत २ पर्यंतचे अंक चालतात. ए. फेरांडो व त्यांच्या स्पॅनिश सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गटसिद्धांताच्या साहाय्याने हा नियम मांडला व तो अरेषीय माध्यमांनाही लागू पडतो, हे दाखविले.

३ अंकाची शलाका चतुर्गुण जालकात सोडल्यास केंद्राशी −१ अंकाचा भोवरा उरतो. परंतु त्याच्याभोवती सममितीने मांडलेले +१ अंकाचे चार भोवरे उत्पन्न होऊ शकतात. त्यांची बेरीज ३ हीच येते. म्हणजे एकूण अंक व केंद्राचा अंक या भिन्न राशी असून सममितीचे बंधन केंद्राच्या अंकावर असते. प्रकाशाच्या कोनीय संवेगात पडणारा फरक माध्यम स्वतःकडे घेते. त्यामुळे माध्यमावर पीळ पडतो.

अरेषीय माध्यमे : ज्या माध्यमाचा प्रणमनांक प्रकाशाच्या तीव्रतेनुसार बदलतो, त्यात शलाका स्वतःच स्वतःसाठी संरचना निर्माण करते. तीव्रतेबरोबर प्रणमनांक घटत असल्यास शलाका पसरते. तथापि मधला काळा गाभा आकार न बदलता पुढे जाऊ शकतो. जी. ए. स्वार्ट्‌झलँडर व सी. टी. लॉ यांनी १९९२ मध्ये असा भोवरारूप एकल तरंग (सॉलिटॉन) प्रयोगाने दाखविला. याउलट प्रणमनांक वाढत असल्यास तेजस्वी कडे अस्थिर होते. कड्यावरील तीव्रतेत कोठे किंचित वाढ झाली, की तेथे आणखी प्रकाश ओढला जाऊन कड्याचे तुकडे पडतात. ते तुकडे कड्याच्या स्पर्शरेषांच्या दिशेने दूर जातात. गोफणीतून सुटलेल्या दगडाप्रमाणे कोनीय संवेग त्यांच्या गतीत कायम राहतो.

सममिती कमी केल्याने येथे स्थैर्य लाभते, ही लक्षणीय गोष्ट आहे. २००४ मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे स्ट्राँशियम बेरियम निओबेट स्फटिकात प्रकाशानेच चौरस जालक निर्माण करून त्यात एकांकी भोवरारूप एकल तरंग मिळविले. चार तेजस्वी ठिपके जालकात जखडले गेल्यामुळे दूर गेले नाहीत व त्यांच्यातील ९०° चा कलाभेद टिकून राहिला. गोल सममितीत जे कडे फुटते, तेच चौकटीत बसविले असता टिकू शकते. मात्र मोठे अंक गमवावे लागतात.

कंप्रता दुप्पट करणाऱ्या स्फटिकात दोन फोटॉनांपासून एक फोटॉन बनतो व भोवऱ्याचा अंकही दुप्पट होतो. हे १९९६ मध्ये प्रयोगाने दिसून आले. वर्तुळ ध्रुवणाच्या बाबतीत स्फटिकाची सममिती हिशोबात येते. त्रिगुण अक्षाच्या दिशेने वर्तुळ ध्रुवित प्रकाश गेला असता दोन फोटॉनांचा परिवलन संवेग +२ होतो. एका फोटॉनाला तो धारण करता येत नाही. स्फटिक ३ एकके घेतो आणि उलट दिशेने ध्रुवित झालेला, −१ संवेगाचा फोटॉन बाहेर पडतो. भोवऱ्यांच्या बाबतीत दिसलेलेच हे अंकगणित आहे.

उपयोग : श्टेफान हेल यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या कार्याबद्दल विभागून मिळाले, त्या सूक्ष्मदर्शन पद्धतीत मध्ये काळा ठिपका असलेली शलाका वापरतात. कडेच्या रेणूंचे अनुस्फुरण या शलाकेमुळे दबले जाते व केवळ मध्यबिंदू चमकतो. हा ठिपका पूर्ण काळा असणे अत्यावश्यक असते. प्रबल भिंगाने केंद्रित केलेल्या एकांकी शलाकेच्या ध्रुवणाची दिशा भोवऱ्याच्या उलट असेल, तर एकूण कोनीय संवेग शून्य होऊन अक्षावर प्रकाश पोहोचतो व प्रतिमा बिघडते. दोन्ही दिशा एकच असल्यास मध्य काळा राहतो. संदेशवहनात भिन्न अंकांचे भोवरे स्वतंत्र मार्ग म्हणून वापरता येतात. २०१३ मध्ये १·१ किमी. लांबीच्या, कड्यासारखा गाभा असलेल्या काचतंतूतून सेकंदाला १·६ टेराबिट माहिती पाठविण्यात आली. तंतूचा गाभा किंचित लंबवर्तुळाकार झाला वा तंतू वाकला, तर गोल सममिती ढळते आणि +१ व −१ अंकांचे संदेश एकमेकांत मिसळतात. म्हणून अशा तंतूंच्या रचनेत सममिती कितपत राखता येईल, याच्या हिशोबाला मोठे महत्त्व असते.