गाईच्या ढेकरातून जाणारा चारा



जनावरांच्या पोटातल्या वायूविषयी कार्यक्रमात बोलणं झालं, त्यानंतर सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, "हिरड्यानं गाईचा वायू कमी होतो असं ऐकलं, म्हणून रोज दोन मुठी हिरड्याची पूड आंबोणात घातली. चार दिवसांत गाईनं गव्हाणीकडं पाठ फिरवली, शेण खड्यासारखं झालं आणि दूध सात लिटरवरून चारवर आलं. आमचं काय चुकलं?" चूक त्यांची थोडी, आमची जास्त. वेळ संपली म्हणून अर्धीच गोष्ट सांगितली गेली. उरलेली अर्धी या पत्रकात देत आहोत.

गोबरगॅसची टाकी आपण सर्वांनी पाहिली आहे. आत हवा नसते, शेण कुजतं आणि जो वायू शेगडीत निळ्या ज्योतीनं जळतो त्यातला मुख्य भाग मिथेन. गाईचं कोटीपोट ही तशीच एक टाकी समजा. कडबा, पेंढा गाईला स्वतःच्या बळावर पचत नाही; ते काम कोटीपोटातले असंख्य सूक्ष्म जीव करतात. चारा फुटताना हायड्रोजन वायू सुटतो. तो साचून राहिला तर पचनाचं काम मंदावतं. म्हणून तिथलेच काही जीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात. हा वायू बहुतेक सगळा तोंडावाटे, ढेकराबरोबर बाहेर पडतो. मिथेन दिसत नाही, त्याला वासही नाही. त्यामुळं आपल्याला पत्ता लागत नाही.

आता हिशेब करू. जनावर जे खातं त्यातली साधारण 2 ते 12 टक्के ताकद या वायूच्या रूपानं निघून जाते. आपल्याकडच्या चाऱ्यावर 6 टक्के धरू. 400 किलो वजनाची संकरित गाय दिवसाला 12 किलो सुका आहार खात असेल, तर सुमारे 700 ग्रॅमची ताकद रोज ढेकरातून गेली. पैसे आपण मोजले, शेगडी मात्र पेटली नाही.

दुसरं नुकसान सगळ्यांचं. मिथेन हवेत बारा-एक वर्षं राहतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या 27 ते 30 पट उष्णता धरून ठेवतो. 2019 च्या पशुगणनेत देशात गाई-बैल 19 कोटींहून अधिक आणि म्हशी-रेडे सुमारे 11 कोटी होते. त्याचा दोष दोन गाईंच्या मालकाच्या माथी मारावा, हे आम्हाला पटत नाही. पण जो वायू आपलाही तोटा करतो तो कमी करायला हरकत कसली?

इथं वनस्पती कामी येतात. हिरडा, बाभळीच्या शेंगा, चिंचोक्याचं टरफल यांत तुरट द्रव्य असतं, त्याला टॅनिन म्हणतात. बाभळीच्या सालीनं कातडी कमावतात ती याच गुणामुळं. टॅनिन प्रथिनाला घट्ट धरून बसतं. कोटीपोटात थोडं टॅनिन गेलं की मिथेन करणाऱ्या जीवांना आळा बसतो. शिवाय पेंडीतलं काही प्रथिन तिथं फुकट न फुटता पुढच्या आंबट पोटात जाऊन सुटतं आणि अंगी लागतं. हा फायदा झाला. मात्र तेच टॅनिन जास्त झालं तर प्रथिन सुटतच नाही, चाऱ्याचं पचन मंदावतं, चव तुरट म्हणून गाय खाणं सोडते. एकूण सुक्या आहारात टॅनिन 5 टक्क्यांच्या आसपास गेलं की हा त्रास दिसू लागतो. झाडाझाडात, कोवळ्या-जून फळात त्याचं प्रमाण बदलतं. त्यामुळं "किती मुठी घालू?" याला आम्ही आकडा देत नाही, आणि जो घरबसल्या देईल त्याच्यावर विसंबू नये.

रिठ्याचा गुण निराळा. त्याचा फेस आणणारा अंश कोटीपोटातल्या एकपेशीय जीवांना मारतो, आणि मिथेन करणारे काही जीव त्यांच्याच आसऱ्यानं राहतात. पण रिठा कडू, गाय तोंड लावत नाही. लसणाचे प्रयोग उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत हिरड्याबरोबर मेंढ्यांवर झालेले आहेत. लसूण दुभत्या गाईला घालाल तर दुधाला वास येईल, डेअरीवर परत येईल. शतावरी, जिवंती या वनस्पती पूर्वापार दूध उतरावं म्हणून देतात, वायूसाठी नव्हेत. पुडीवर दोन्ही गुण एका दमात छापलेले दिसले तर दुकानदाराला नीट विचारा.

मुठीऐवजी मोजून तयार केलेलं मिश्रण हाच शहाणपणाचा रस्ता. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेनं टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य काढलं. 2021 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा मिथेन 17 ते 20 टक्के घटतो असं सांगण्यात आलं. कोटीपोट पुरतं तयार झालेल्या, म्हणजे तीन महिन्यांवरच्या जनावरांसाठीच ते आहे.

दूध किती वाढेल? मघाचाच हिशेब पुढं नेऊ. 700 ग्रॅममधले 18 टक्के वाचले, म्हणजे सव्वाशे-एक ग्रॅम आहाराची ताकद. ती सगळीच्या सगळी दुधात उतरली तरी लिटरभरही दूध होत नाही. काही ताकद अंगावरही जाणार. प्रथिनाचा फायदा वेगळा धरला तरी "आठ दिवसांत दोन लिटर वाढ" म्हणून जी पावडर विकली जाते, ती निदान वायू अडवून तरी एवढं दूध देणार नाही. वायू घटला हे खरं असू शकतं. पण पावडरीचा रोजचा खर्च वाढलेल्या दुधाच्या किमतीहून जास्त असेल, तर ती परवडते का हे ज्यानं त्यानं पाहावं.

खरी मोठी गळती बहुतेक गोठ्यांत दुसरीकडं असते. नुसत्या कडब्यावर चार लिटर देणारी गाय आणि नीट खुराकावर दहा लिटर देणारी गाय, दोघींच्या पोटात वायू होतोच. पण पहिलीचा चार लिटरवर वाटला जातो, दुसरीचा दहावर. म्हणून आधी आहार जुळवा. अंगपोषणाला एक-दीड किलो आणि पुढं गाईला दर अडीच-तीन लिटर दुधामागं, म्हशीला दर दोन लिटरमागं एक किलो खुराक, सोबत सुमारे 50 ग्रॅम खनिज मिश्रण, कुट्टी केलेला कडबा, लसूण घास किंवा नेपियर, आणि पाणी हवं तेव्हा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात खर्च कमी होऊन दर लिटर दुधामागं मिथेनही घटल्याचं आढळलं. त्यात पुडी कुठलीच नव्हती.

भाताचा पेंढा असेल तर 100 किलोला 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा, दाबून, झाकून 21 दिवस ठेवा. उघडल्यावर वास उडून जाऊ द्या, मगच थोडा थोडा सुरू करा. लहान वासरांना तो देऊ नका आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका, विषबाधा होते. सरकीतल्या तेलानंही मिथेन घटतो, पण सुक्या आहारात तेलाचा अंश 6 टक्क्यांवर गेला की चारा पचेनासा होतो.

एवढं झाल्यावर मिश्रण करून पाहायचंच असेल, तर सारख्या वेताच्या, सारख्या दिवसांच्या दोन गाई घ्या. दोघींचं दूध दहा दिवस मोजून लिहा. मग एकीलाच मिश्रण, थोड्यापासून वाढवत, तीन आठवडे. बाकी चारा तोच. नुकती व्यालेली गाय दीड-दोन महिने आपसूक चढतीवर असते. तिला पावडर घातली की श्रेय पावडरीला जातं. असे पुष्कळ फसले आहेत. गाभण गाईला नवं काही सुरू करताना पशुवैद्यकाला आधी विचारा.

त्या भगिनीला आम्ही तेव्हाच कळवलं की हिरडा बंद करा, हिरवा चारा वाढवा, भरपूर पाणी द्या आणि गाय डॉक्टरांना दाखवा. त्यांचं दुसरं पत्र परवा आलं. गाय खाऊ लागली आहे, दूध सहावर आलं आहे. खाली विचारलंय, "उरलेल्या हिरड्याचं काय करू?" भगिनींनो, तो घरच्या औषधाच्या डब्यात ठेवा.